जखम पाठीवर, मग साखर का वाढली?

पानगळ

नमस्कार. इथे सात वर्षं नुसती वाचतेय, धागा काढायची ही पहिलीच वेळ. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ पाच आठवड्यांपूर्वी भाजला. पूर्ण पाठ आणि दोन्ही हात. कागदावर ३५ टक्के लिहिलंय. जिवावरचं टळलं, दोनदा त्वचारोपण झालं, आता बोलतो, चिडतो, म्हणजे ठीक आहे. पण काही गोष्टी माझ्या डोक्यात शिरत नाहीत.

गाढ झोपेत असतो तेव्हाही मॉनिटरवर नाडी १२०. कधी आयुष्यात साखरेचा त्रास नव्हता, आता इन्सुलिन चालू आहे. वजन ७२ वरून ६२ किलोवर आलं, आणि हा माणूस दिवसभर खातो, वर रात्री नळीतूनही आहार चालू असतो. जातं कुठे सगळं?

आणि ती नळी! पहिल्याच रात्री, तोंड सुजलेलं, धड शुद्ध नाही, आणि यांनी नाकातून नळी घालून आहार सुरू केला. आमच्या घरी सगळ्यांचं एकच म्हणणं, पोटाला जरा आराम द्या. मी सिस्टरशी भांडले, चक्क. ती म्हणाली, "ताई, आता आराम दिला तर ते पोट रुसून बसेल." पुढे आठ दिवस शौचाला झाली नाही तेव्हा मला वाटलं, घ्या, रुसलंच की!

डॉक्टर चांगले आहेत, पण "स्ट्रेस रिस्पॉन्स आहे" एवढं सांगून पुढच्या खाटेकडे जातात. स्ट्रेस म्हणजे काळजी का? मग ती तर त्याच्यापेक्षा मला जास्त आहे. कुणी नीट समजावेल का?

तिरकस

डॉक्टर "स्ट्रेस" म्हणाले की समजायचं, कारण माहीत आहे पण वेळ नाही. "व्हायरल आहे" म्हणाले की वेळ आहे पण कारण माहीत नाही. भावाला लवकर आराम पडो. वाचतोय.

खडू

शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. एवढं लक्षात ठेवून वाचा.

पानगळ, इथे स्ट्रेसचा मनाशी संबंध फार थोडा. माणूस पूर्ण भुलीखाली असला तरी हे सगळं घडतं. मार खाल्लेल्या पेशींमधून आणि दाहातून निघणारी रसायनं, दुखण्याचे चेता-संदेश, रक्तातलं कमी झालेलं पाणी, हे सगळं मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतं. तिथून दोन फर्मानं सुटतात. एक चेतातंतूंवाटे थेट अॅड्रिनल ग्रंथीच्या गाभ्याला, की अॅड्रिनॅलिन सोडा. दुसरं पिट्युटरीमार्गे त्याच ग्रंथीच्या सालीला, की कॉर्टिसॉल सोडा. स्वादुपिंडातून ग्लुकागॉनही वाढतं. वाघ मागे लागल्यावर हेच तिघं धावून येतात. फरक इतकाच, की वाघ पाच मिनिटांत निघून जातो, आणि भाजलेल्या माणसाचा वाघ कित्येक महिने खाटेशी बसून राहतो.

हे कळलं कसं, तो किस्सा मला फार आवडतो. ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन नावाचा माणूस पाय मोडलेल्या रुग्णांची लघवी मोजत होता. त्यात नायट्रोजन इतका सापडायला लागला, की मोडलेल्या पायाचे स्नायू सगळे विरघळले असते तरी तेवढा निघाला नसता. म्हणजे धड असलेले स्नायूही विरघळत होते. मार एका जागी, वसुली सगळ्या अंगाकडून. पुढे १९४२ मध्ये त्याने या प्रतिसादाचे दोन टप्पे सांगितले, ओहोटी आणि भरती. पहिले दोन-तीन दिवस ओहोटी: हृदय कमी रक्त फेकतं, अंग गार, प्राणवायूचा वापर कमी, इन्सुलिनही कमी. मग भरती येते, आणि मोठ्या भाजण्यात ती इतकी चढते की इतर कुठल्याही आजारात चढत नाही.

साखरेचं असं आहे. कॉर्टिसॉल स्नायूंमधली प्रथिनं मोडायला लावतं. त्यातून निघालेली अमिनो आम्लं यकृतात जातात आणि ग्लुकागॉन व अॅड्रिनॅलिनच्या हुकमाने त्यांची साखर बनते. भरतीत इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्तच असतं, पण स्नायू आणि यकृत त्याचं ऐकत नाहीत. म्हणून रक्तात साखर तुंबते. आता गंमत बघा, ही साखर जाते कुणाला? जखमेला. भरून येणारी जखम आणि तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी बहुतांशी प्राणवायूविनाच साखर जाळतात आणि उरलेलं लॅक्टेट यकृताकडे परत पाठवतात. यकृत ऊर्जा खर्चून त्याची पुन्हा साखर करतं. पाठीवरची जखम म्हणजे घरातला असा भाडेकरू, जो जेवतो तुमच्याकडे आणि उष्टी ताटंही तुम्हालाच घासायला देतो.

त्यामुळे शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: जखम पाठीवर आहे म्हणूनच साखर वाढली.

पानगळ

खडू सर, भाडेकरूवाला परिच्छेद भावाला वाचून दाखवला. म्हणाला, "त्याला म्हणावं घर रिकामं कर." पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसला.

मग त्याला मधुमेह झाला असं म्हणायचं का?

कातडीबचाव

बर्न्समध्ये, म्हणजे भाजलेल्यांच्या विभागात, काम करतो. नावावर हसून झालं असेल तर पुढे वाचा.

बहुतेकांत ही साखर जखमा झाकल्या जातील तशी उतरते, त्यामुळे आत्ताच मधुमेहाचा शिक्का मारू नका. पण इन्सुलिनचा प्रतिकार जखमा भरल्यानंतरही बराच काळ रेंगाळतो, तेव्हा घरी गेल्यावर तपासण्या सोडू नका. आणि इन्सुलिन नुसतं साखरेसाठी नसतं. ते स्नायू मोडण्यालाही लगाम घालतं.

खडूंच्या मांडणीत एक दुरुस्ती. वाघ "कित्येक महिने" नाही, मोठ्या भाजण्यात वर्षानुवर्षं. अमेरिकेत गॅल्व्हेस्टनला ४० टक्क्यांहून जास्त भाजलेल्या मुलांची मोजमापं झाली. भरतीच्या काळात विश्रांतीतला ऊर्जाखर्च नेहमीच्या सुमारे १८० टक्के होता, आणि जखमा पूर्ण भरल्या तेव्हाही सुमारे १५० टक्के. रक्तातल्या काही गडबडी तर तीन वर्षांपर्यंत सापडल्या आहेत. घरच्यांना वाटतं कातडी आली, संपलं. तिथेच चुकतं. घरी जाऊन चार महिने झाले तरी वजन धरत नाही म्हणून घाबरून फोन करणारे असतातच.

नाडी १२० चं कारण मुख्यतः अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन. मोठ्या भाजण्यात ती दहापटीपर्यंत वाढतात. १९७४ मध्ये डग्लस विल्मोर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्याच्या लघवीत ही रसायनं जास्त, त्याचा ऊर्जाखर्चही जास्त. आणि ती अडवली की खर्च उतरतो. त्याच धाग्याला धरून डेव्हिड हर्नडन यांनी २००१ मध्ये २५ भाजलेल्या मुलांवर प्रोप्रॅनोलॉल वापरून पाहिलं. हे तुमचं जुनं, साधं, रक्तदाबाचं औषध. नाडी सुमारे २० टक्क्यांनी खाली आणली, तर ऊर्जाखर्च कमी झाला आणि स्नायू झिजायचेही थांबले. पण नाडी वाढायला रक्त कमी पडणं, जंतुसंसर्ग, दुखणं ही कारणंही असू शकतात. ती आधी तपासायची असतात. तेव्हा कुणीही इथे वाचून गोळी सुरू करू नये, आणि मला डोस विचारू नये.

तिरकस

एक अडाणी प्रश्न. भाजलेल्या जागेतून पाणी उडून जातं, अंग गार पडतं, म्हणून शरीर शेगडी वाढवतं, इतकं साधं नाही का हे? हार्मोनचा एवढा पसारा कशाला?

कातडीबचाव

अडाणी नाही, हा प्रश्न बरीच वर्षं गाजलाय. हिशोबही बरोबर दिसतो. एक मिलिलिटर पाणी उडायला सुमारे ०.५८ किलोकॅलरी लागते, म्हणजे दिवसाला तीन लिटर पाणी जखमांतून उडालं तर पावणेदोन हजार किलोकॅलरी त्यातच गेल्या. म्हणून आमच्या खोल्या २८ ते ३२ अंशांवर तापवलेल्या असतात. शस्त्रक्रिया करताना आम्हीच घामाने निथळतो, पण रुग्णाचं ओझं कमी होतं.

पण ७०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांनी जखमा पाणी न सुटणाऱ्या आवरणाने झाकून पाहिल्या, खोली ३३ अंशांवर नेऊन पाहिली. खर्च थोडा उतरला, पण नेहमीच्या पातळीवर काही आला नाही. कारण मेंदूतला थर्मोस्टॅटच वर सरकलेला असतो. त्याला शरीर ३८-३८.५ अंशांवरच हवं असतं. म्हणून ३८ ताप दिसला की दर वेळी जंतूच शोधायला धावायचं का, ही आमची रोजची डोकेदुखी.

खडू

यात अजून एक गाठ आहे. अंगाची भट्टी चालवणारं हार्मोन म्हणून आपण थायरॉईडकडे बोट दाखवतो. भाजलेल्यांत थायरॉईडचं कामाचं हार्मोन, टी ३, चक्क कमी असतं. शरीर थायरॉईडच्या टी ४ या हार्मोनपासून टी ३ बनवण्याऐवजी निकामी उलटं टी ३ बनवतं. म्हणजे थायरॉईड ब्रेक दाबतोय, अॅड्रिनॅलिन अॅक्सिलरेटर, आणि गाडी पळतेच आहे. हा थायरॉईडचा आजार नसतो, तेव्हा नुसता रिपोर्ट बघून थायरॉईडच्या गोळ्या मागू नका.

मग जळतं कुठे? बराचसा खर्च पेशींच्या निरर्थक उलाढालीत जातो, प्रथिनं मोड, परत बनव, साखर मोड, परत बनव. शिवाय २०१५ मध्ये एक मजेशीर गोष्ट दिसली. मोठ्या भाजण्यानंतर कातडीखालची पांढरी, साठवणीची चरबी हळूहळू तपकिरी चरबीसारखी वागायला लागते. तपकिरी चरबी काम काहीच करत नाही, नुसती उष्णता फेकते. बारीक होण्यासाठी लोक या चरबीच्या मागे लागलेत. ज्यांना ती अशी मिळते त्यांना विचारा.

रात्रपाळी

पानगळ ताई, मी तुमची सिस्टर नाही, पण तुमच्यासारख्या बऱ्याच जणींशी भांडलेय 🙂 बर्न्स आयसीयूमध्ये अकरा वर्षं.

वरची सगळी चर्चा हार्मोनवर चाललीये, पोटाचं कुणी बोलतच नाही. आमचं तर निम्मं काम पोट बघण्याचं.

पहिल्या रात्री काय होतं सांगते. मोठं भाजलं की रक्तवाहिन्या गळायला लागतात, पाणी बाहेर जाऊन अंग फुगतं, रक्तात पाणी कमी. मग शरीर काटकसर करतं. मेंदू, हृदय यांचं रक्त राखायचं आणि आतड्यांचं कापायचं. तेच अॅड्रिनॅलिन, शिवाय अँजिओटेन्सिन आणि व्हॅसोप्रेसिन ही हार्मोन, आतड्याच्या वाहिन्या आवळून धरतात. (लघवी कमी होते त्यातही व्हॅसोप्रेसिन आणि अॅल्डोस्टेरॉनचा हात असतो. नातेवाईक म्हणतात एवढं सलाइन चाललंय आणि पिशवीत एवढंसंच?) आवळलेल्या आतड्याची हालचाल मंदावते, जठर तर अगदीच सुस्तावतं. अशा वेळी नळीतून तासाला अगदी थोडं, १०-२० मिलिलिटर, सोडायला सुरुवात करतो. ते पोट भरायला नसतं. आतड्याला जाग ठेवायला असतं. पचलं तर वाढवत नेतो.

आणि डोळा ठेवावा लागतो. मी हाताने पोट चाचपते. मऊ आहे की ढोलासारखं. सलाइन खूप गेलेलं असलं तर आतडीही सुजतात, पोटातला दाब इतका वाढतो की लघवी बंद पडते आणि व्हेंटिलेटरला हवा ढकलणं जड जातं. मूत्राशयाच्या नळीतून तो दाब मोजतो. एकदा पहाटे तीनला एका बाईचं पोट दोन तासांत असं कडक झालं की मी आहार बंद करून डॉक्टरांना उठवलं. तेव्हा "कुठल्याही परिस्थितीत नळी चालूच" असं नसतं. रक्तदाब टिकवायला औषधांचा मोठा डोस चालू असला तरी हात आखडता घेतो.

तुमच्या आठ दिवसांबद्दल: त्यात पोटाचा रुसवा थोडा आणि दुखण्याच्या औषधांचा हात मोठा. मॉर्फिन आणि त्याची भावंडं आतड्याला झोपवतात. ड्रेसिंगच्या आधी ती द्यावीच लागतात, त्याशिवाय ड्रेसिंग माणुसकीचं होत नाही. म्हणून आमच्याकडे जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून चार्टवर असतं. तुमच्याकडे ते उशिरा लिहिलं गेलं असावं असा माझा संशय. तक्ता बघून विचारा.

तिरकस

पण नळीतून कशाला? शिरेतून सगळं देता येतं की. पोटाला आरामही मिळाला आणि पोषणही.

मोजपट्टी

आहारतज्ज्ञ. हा प्रश्न विचारल्याबद्दल तिरकस यांना माझ्याकडून पूर्ण मार्क, कारण सगळ्यांच्या मनात हाच असतो.

आतड्याचं अस्तर विचित्र आहे. बाकी अवयव रक्तातून जेवतात. आतड्याच्या आतल्या पेशी बऱ्याच अंशी समोरून जाणाऱ्या अन्नातूनच जेवतात. लहान आतड्यातल्या ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल खातात, मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी बनवलेली लहान मेदाम्लं. आणि हे अस्तर तीन ते पाच दिवसांत पूर्ण नवं होतं. रक्त कमी, वरून अन्न बंद, की ते झपाट्याने पातळ होतं. प्राण्यांमध्ये भाजल्यापासून १२ तासांच्या आत पेशी मरायचं प्रमाण वाढलेलं दिसतं. अंगावरच्या कातडीचं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास, आणि आतड्याचं अस्तर उलगडलं तर सुमारे ३० चौरस मीटर. आम्ही सगळे दोन मीटरवाल्या जखमेकडे बघत बसतो.

पोटातून गेलेल्या अन्नामुळे आतडी स्वतःची हार्मोनही सोडतात, गॅस्ट्रिन, कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१. त्यांतली काही अस्तराला वाढवतात, काही स्वादुपिंडाला सांगतात की साखर येतेय, इन्सुलिन तयार ठेव. शिरेतून दिलं की हा निरोपच जात नाही.

आणि हा नुसता सिद्धान्त नाही. १९८९ मध्ये हर्नडन यांच्याच गटाने गंभीर भाजलेल्यांना पोटातून आहारासोबत शिरेतून जास्तीचं पोषण देऊन पाहिलं. त्या गटात मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून शिरेचा मार्ग पोट खरंच चालत नसेल तेव्हाच.

सगळ्यात जुळवून आणणारा प्रयोग मात्र १९८४ चा. गिनीपिगना ३० टक्के भाजलं. एका गटाला दोन तासांत नळीतून आहार, दुसऱ्याला तीन दिवसांनी. लवकर जेवलेल्यांचं आतड्याचं अस्तर जाड राहिलं. हे अपेक्षितच होतं. पण त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल आणि ग्लुकागॉनही कमी निघालं, आणि ऊर्जाखर्चही कमी. म्हणजे खडूंचे हार्मोन आणि सिस्टरचं पोट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. हार्मोन आतड्याला उपाशी मारतात, आणि उपाशी आतडं हार्मोनना आणखी भडकवतं.

कातडीबचाव

इथे थांबवतो. गिनीपिगमध्ये. माणसांत लवकर आहार दिल्यावर ऊर्जाखर्च तसा उतरलेला दिसला नाही, २००४ मध्ये पाहिलंय. मी स्वतः लवकर आहाराचा कट्टर आहे, पहिल्या १२ तासांत नळी चालू झाली नाही तर चिडतो. पण कारण म्हणून ते गिनीपिग पुढे करू नका.

खडू

मान्य, पण अर्धंच. ऊर्जाखर्च उतरला नाही म्हणून आतड्याचं काहीच चाललेलं नाही असं होत नाही. आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात हे माणसांतही मोजलंय. जी साखर आतड्याने शोषूच नये ती भाजलेल्यांच्या लघवीत उतरते. आतल्या जंतूंची वस्तीही बदलते. २०१५ मध्ये भाजलेल्या माणसांत आणि उंदरांत दोन्हीकडे एन्टेरोबॅक्टेरिएसी कुळातले जंतू माजलेले सापडले. कुंपण सैल आणि आतली जनावरं माजलेली.

कातडीबचाव

कुंपण सैल आहे, कबूल. पण ती जनावरं कुंपण ओलांडून रक्तात येतात आणि रुग्ण त्याने दगावतो, ही गोष्ट उंदरात जितकी स्वच्छ दिसते तितकी माणसात दिसत नाही. माझ्या रुग्णांच्या रक्तात जंतू आले तर मी आधी जखम, फुफ्फुस आणि शिरेतली नळी तपासतो. आतडं या यादीत आहे, पण पहिलं नाही.

खडू

अहो, जंतू आलेच पाहिजेत असं कुठे आहे? त्यांचे तुकडे आणि आतड्यातून लसिकेवाटे निघणारा दाह पुरतो. ती लसिका यकृत टाळून थेट फुफ्फुसांकडे जाते.

कातडीबचाव

हेही मुख्यतः प्राण्यांतलंच. चला, यावर आपण दोघं निवृत्त होईपर्यंत भांडू.

तिरकस

दोन जाणकार भांडतात तेव्हा मला खरी माहिती मिळते. चालू द्या.

रात्रपाळी

भांडण चालू असताना एक जुनं नाव मध्येच: कर्लिंग. १८४२ मध्ये लंडनच्या या सर्जनने भाजलेल्यांच्या आतड्याच्या सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये, पडलेले व्रण नोंदवले. माणूस भाजून वाचायचा आणि नंतर एके दिवशी रक्ताची उलटी. माझ्या ज्येष्ठ सिस्टर सांगायच्या की त्यांच्या उमेदवारीत नळीतून काळपट काही आलं की सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. अस्तराला रक्त कमी आणि वर आम्ल, दुसरं काही नाही. आता आम्लाची औषधं आणि लवकर आहार, यामुळे मी अकरा वर्षांत मोठा रक्तस्राव हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिलाय. भावाला आम्लाची गोळी का देतात हा प्रश्न पडला असेल तर हे उत्तर.

पानगळ

सगळं दोनदा वाचलं. काल सिस्टरकडे गेले आणि त्या रात्रीबद्दल माफी मागितली. तिला आठवतही नव्हतं. म्हणाली, "रोज कुणीतरी भांडतं हो."

आता आहाराचं. त्याला किती लागतं नक्की? आणि एका ओळखीच्यांनी ग्लुटामिनचा मोठा डबा आणून दिलाय, आतड्यासाठी फार चांगला म्हणून. मोजपट्टी, तुम्हीच लिहिलंत की आतड्याच्या पेशी ग्लुटामिन खातात. देऊ?

मोजपट्टी

डबा बाजूला ठेवा.

मलाही पूर्वी तसंच वाटायचं, आणि मी दिलंयही. भाजलेल्यांच्या रक्तात ग्लुटामिन कमी होतं, आतड्याला ते हवं असतं, मग वरून द्या, सरळ तर्क. लहान अभ्यासांत निकाल छान यायचे. मग २०२२ मध्ये सुमारे १,२०० भाजलेल्या रुग्णांवर, १४ देशांत मिळून मोठी चाचणी झाली. ग्लुटामिन दिलेले आणि न दिलेले, जिवंत घरी जायला दोघांना सारखाच वेळ लागला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तेव्हापासून सरसकट देणं सोडलं.

किती लागतं: जुनं करेरीचं सूत्र आहे, किलोमागे २५ किलोकॅलरी आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४०. तुमच्या भावाच्या मूळ वजनावर १,८०० अधिक १,४००, म्हणजे ३,२००. हा आकडा मी मुद्दाम देतेय, कारण तो ऐकून घरचे कोंबायला लागतात. हे सूत्र जास्तीचं सांगतं असं आता बहुतेकांचं मत आहे. जास्त दिलं की स्नायू वाढत नाहीत, यकृतात चरबी साठते, साखर आणखी चढते, आणि जास्तीचा कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसांना बाहेर फेकावा लागतो. शक्य असेल तिथे श्वासातला प्राणवायू मोजून खर्च काढतात, तोच खरा.

प्रथिनं मात्र कमी पडू देऊ नका. मोठ्यांना किलोमागे दिवसाला १.५ ते २ ग्रॅम, म्हणजे याला १०८ ते १४४. तुम्ही मला रोज किती कॅलरी गेल्या ते सांगू नका, प्रथिनं किती गेली ते सांगा. जस्त, तांबं, सेलेनियम जखमेच्या पाण्यातून वाहून जातं, ते रुग्णालय बघत असेल.

आणि दर ड्रेसिंगला, दर शस्त्रक्रियेला "उपाशी ठेवा" म्हणून नळी बंद होते ते तास मोजा. दिवसाला सहा तास बंद राहिली तर चौथा भाग गेलाच. वजन कुठे जातं म्हणालात ना, थोडं तिथेही जातं.

पानगळ

हे मोजलंच नव्हतं! गेल्या आठवड्यात शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली, दोन्ही वेळा मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत उपाशी.

कातडीबचाव

हे आमचंच पाप आहे. निमूट कबूल करतो.

त्यावरून आठवलं, सगळ्यात मोठं औषध कुणी लिहिलंच नाही. मेलेली कातडी लवकर काढून जखम लवकर झाकणं. पूर्वी ती आपोआप सुटेपर्यंत आठवडे वाट बघत. स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या झोरा यांझेकोविच या बाईंनी मेलेला थर पातळ चकत्यांनी, खाली रक्त दिसेपर्यंत तासून लगेच त्वचारोपण करायची पद्धत १९७० मध्ये प्रसिद्ध केली, आणि आमचं क्षेत्र बदललं. खडूंचा भाडेकरू इन्सुलिनने नुसता शांत होतो. बाहेर काढायचा तर घर बंद करावं लागतं.

आठवा_मजला

मी या धाग्यातला रुग्ण म्हणा. ४२ टक्के, तीन वर्षं झाली.

भावाला सांगा, नाडीची भीती मलाही होती. रात्री उशीवर कान ठेवला की स्वतःचं हृदय ऐकू यायचं, मग झोप नाही. प्रोप्रॅनोलॉल चालू केल्यावर पहिल्यांदा नीट झोपलो. वजन वर्षभर धरलं नाही. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनही पडतं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मूड, ताकद, बाकी सगळं, मला वाटलं मीच खचलोय. तपासून घ्या, लाजू नका.

मला सगळ्यात फरक पडला वजनं उचलण्याने. फिजिओथेरपिस्टने सुरुवातीला पाण्याची अर्धी भरलेली बाटली हातात दिली होती, मी रडलो होतो. १२ आठवडे रेटून करवून घेतलं. जे खातो ते स्नायूंत जायला लागलं ते तेव्हाच.

आणि त्वचारोपणाच्या जागी घाम येत नाही, तेव्हा उकाड्यात जपून.

खडू

आठवा_मजला, टेस्टोस्टेरॉनबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. त्याच्या जागी ऑक्झँड्रोलोन नावाचं कृत्रिम भावंड बरीच वर्षं वापरात होतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याची मान्यता काढून घेतली. ग्रोथ हार्मोनचीही तीच गत. मुलांत उपयोग दिसला, पण १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या मोठ्या माणसांना दिलं तर मृत्यू वाढले. कमी पडलंय ते भरून द्या, हा तर्क या शरीराला नेहमी मानवत नाही.

पानगळ

दोन आठवड्यांनी लिहितेय.

शेवटचं त्वचारोपण धरलं. डॉक्टरांशी बोलले, आता शस्त्रक्रियेची वेळ ठरल्याशिवाय नळी बंद करत नाहीत. जुलाबाचं औषध खरंच उशिरा लिहिलं होतं, आता रोज आहे, आणि पोट रोज साफ होतंय. ही बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली, आत्या रागावल्या. प्रोप्रॅनोलॉल सुरू झालंय, नाडी झोपेत ९८. इन्सुलिन निम्म्यावर. वजन ६२ च, पण उतरलं नाही. ग्लुटामिनचा डबा ज्यांचा त्यांना परत.

फक्त एकच भांडण उरलंय. खोली गरम आहे म्हणून तो दिवसभर एसी मागतो, आणि मी ०.५८ किलोकॅलरीचा हिशोब ऐकवते.

रात्रपाळी

त्याची नाडी ९८ आणि तुमची किती?

तिरकस

स्ट्रेस रिस्पॉन्स आहे.